उजव्या गुडघ्याची पोथी

चारकोपच्या मैदानावर माझा दादा मुलांना फुटबॉल शिकवतो. मैदानाच्या कडेला एक खोली आहे, तिथे बॉल आणि जाळ्या ठेवायला एक लोखंडी कपाट आहे, आणि त्या कपाटाचा वरचा खण माझा. त्यात फुटबॉलची पुस्तकं आहेत. बरीचशी खेळाडूंची आत्मचरित्रं, दोनचार प्रशिक्षकांची, एक पंचाचं. खेळून झालं की घामेजलेली मुलंमुली येतात, पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता विचारतात, "आजी, यातलं झकास कुठलंय?" मी म्हणते, झकास हवं असेल तर मोबाइल बघा. वाचायचं असेल तर थांबा. मग मी एकेक पुस्तक काढते, मागची पानं उघडते आणि त्या माणसानं आपल्या गुडघ्यांबद्दल काही लिहिलंय का ते बघते. गुडघे, घोटे, कंबर, काहीही चालेल. खेळ सुटल्यावर सकाळी अंथरुणातून उठताना कुठे दुखतं हे ज्यानं लिहिलं, त्याचं पुस्तक वाचावं. ज्यानं नुसते गोल लिहिले, त्याचे गोल टीव्हीवर बघावेत, उगाच डोळ्यांना त्रास कशाला? ही कसोटी माझी नाही, माझ्या आईची. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि फुटबॉलबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की त्यानं पँटी फाटतात.

आम्ही तेव्हा घाटकोपरला भटवाडीत राहायचो. खोली एक, माणसं चार: आई, बाबा, दादा आणि मी. खोलीला लागून चिंचोळी मोरी, मोरीवर फळी, फळीवर देव. सकाळी पाण्याची वेळ झाली की साऱ्या आळीतून बादल्यांचा खणखणाट उठायचा आणि त्यावर आईचा आवाज, कारण नळावर भांडणं लावण्यात आणि मिटवण्यात, दोन्हींत ती पटाईत होती. घरात बहुतेक दिवशी उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, आणि गावाहून कुणी आलं असेल तर तव्यावर सुका बांगडा. त्या बांगड्याचा वास पुस्तकांच्या पानांत असा जाऊन बसायचा की अजूनही जुनं इंग्रजी पुस्तक उघडलं की मला भूक लागते. आईचं माहेर आणि सासर दोन्ही कुडाळकडचं. ती मुंबईत तीसेक वर्षं राहिली तरी मालवणीच बोलायची, आम्ही मुंबईचं बोलायचो, आणि कुणाचं कुणावाचून अडलं नाही.

बाबांची गिरणी बंद पडल्यावर ते सांताक्रूझला, विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागले. दिवसभर चादरी, टॉवेल आणि वाफ. घरी यायचे तेव्हा अंगाला साबणाचा परदेशी वास असायचा आणि हाताची बोटं पाण्यातून काढलेल्या मनुकांसारखी झालेली असायची. त्या हॉटेलात विमानातली गोरी मंडळी उतरायची, आणि जाताना पुस्तकं टाकून जायची. बरेच दिवस कुणी मागायला आलं नाही की ती रद्दीत निघायची. बाबा गिरणीतल्या वाचनालयाचे जुने सभासद, छापलेला कागद रद्दीत जाताना त्यांना बघवत नसे. साहेबाला विचारून ते एखाददुसरं पुस्तक पिशवीत टाकून आणायचे. आधी काऊबॉय आले, मग खून आले, मग घरात एक मुलगा फुटबॉल खेळतो म्हटल्यावर रूम साफ करणारी मंडळीच बाजूला काढून ठेवायला लागली आणि फुटबॉलवाले यायला लागले. चेहरा दिसेल असा मोठा फोटो, खाली सही छापलेली. मी कॉलेजात होते. ती पुस्तकं मी माझी मीच वाचायचे, दादा फक्त फोटो बघायचा. तो राइट आउट होता, उजव्या कडेनं असा सुटायचा की भटवाडीतले म्हातारेसुद्धा विडी विझवून बघायचे. पण पुस्तक म्हटलं की त्याला जांभई यायची.

मग त्याचा गुडघा गेला. साधीच मॅच होती. वळताना पाय खड्ड्यात राहिला आणि अंग पुढे गेलं. दोघांनी खांद्यावर घालून घरी आणला तेव्हा उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. आईनं आधी त्याला शिव्या घातल्या, मग खड्ड्याला, मग गरम मिठाची पुरचुंडी करून शेकत बसली आणि शेकता शेकता रडली. डॉक्टरांनी सांगितलं, पाय उशीवर, हलायचं नाही. जो मुलगा जेवायला बसला तरी पायानं लिंबू घोळवायचा, तो आता भिंतीला टेकून छताकडे बघत पडला. श्रावण नुकताच संपला होता. आईची पोथी झाली होती, पण तिचा पाट अजून उचललेला नव्हता. दादा एका संध्याकाळी मला म्हणाला, "शुभे, तुझ्या त्या गोऱ्याचं वाच ना काहीतरी. मराठीत सांग. टाइमपास होईल." मी पुस्तक त्या पाटावर ठेवलं आणि सुरू करणार, तेवढ्यात मोरीतून आई ओरडली. "पाटार ठेवलंस? मगे वाचतलंस तर नीट वाच गो. आंघोळ केल्याबिगर बसाचा नाय. आणि अध्याय मदीच सोडूचो नाय."

आम्ही हसलो, पण आईपुढे आमचं काय चालणार! मी आंघोळ करून बसले. दादाला तिनं बसल्या जागी बादली देऊन आंघोळ घातली. आणि असा आमच्या घरात रोजचा नेम सुरू झाला. मी एक परिच्छेद इंग्रजीतून मोठ्यानं वाचायचे, मग त्याचा अर्थ सांगायचे, अगदी देवळात बुवा सांगतात तसा. आई तांदूळ निवडत ऐकायची. बाबा पाळीवरून आले की खुंटीला शर्ट अडकवून मुकाट मागे बसायचे. पुस्तक पुरं झालं की त्याची समाप्ती, म्हणजे आई उठायची, फळीवरचा डबा काढायची आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायची. समाप्तीशिवाय साखर नाही. पहिल्या पुस्तकाला आम्ही चेष्टेत हात पुढे केला. दुसऱ्याला चेष्टा उरली नव्हती.

पुस्तकांना नावं आईनं दिली. मूळ नावं मला आठवतात, पण ती सांगून उपयोग नाही, आमच्या घरात ती कधी चाललीच नाहीत. एक होता 'रडको', गोलकीपर. त्यानं शंभर सामन्यांत अडवलेले बॉल चार ओळींत उरकले होते आणि हातून निसटलेल्या एका बॉलवर सबंध प्रकरण लिहिलं होतं. तो बॉल निसटल्यावर तो गावात दाढी करायलासुद्धा जात नसे. आईला हा फार आवडला. मुलं विचारतात तेव्हा मी आजही आधी हाच देते. एक होता 'हारवालो', कारण तो पानापानांवर स्वतःला हार घालायचा. एवढे गोल, एवढ्या गाड्या. आईनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "तेची आवस खय आसा? कपडे कोण धुता तेचे?" मी पानं चाळली, आई कुठेच नव्हती. "मगे ह्यो काय झाडाक लागलो?" आई म्हणाली, पण नेम म्हणजे नेम, पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं आणि साखर देताना मुद्दाम कमी दिली. हारवाला मी कपाटात ठेवलेला नाही. एका प्रशिक्षकाचं होतं, ते सगळं कुणी कुणाला कसं फसवलं याचं, त्याचं नाव 'नळावरचो'. ते मात्र वाचा, मजा येते. आणि प्रत्येक पुस्तकात, कुठेही थांबले की आईचा एकच प्रश्न यायचा, "मगे फुडे काय झाला?" गोल झाला सांगितलं तरी, "मगे फुडे?" कप मिळाला, "मगे फुडे?" लग्न झालं, पाय मोडला, संघातून काढलं, तिचं आपलं चालूच. दादा वैतागायचा. "आई, गोल झाला म्हणजे झाला ना! पुढे काय असणार?" आई तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणायची, "गोल झालो म्हणान काय माणूस मराक नाय. घराक तर गेलो असतलो?"

गुडघ्याची सूज उतरली. दादा काठी घेऊन चालायला लागला, मग काठी सोडून. पळताना मात्र गुडघा आतल्या आत सटकायचा आणि तो मटकन खाली बसायचा. त्याच सुमारास मुलुंडच्या एका कारखान्याच्या संघाकडून बोलावणं आलं. त्यांना राइट आउट हवा होता. चाचणीत निवड झाली की संघात जागा आणि कारखान्यात पक्की नोकरी. आमच्या आळीत तोपर्यंत कुणाला खेळावर नोकरी लागली नव्हती. संघाचे मॅनेजर स्वतः घरी आले, चहा प्यायले, दादाचा गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस रे. आमचे डॉक्टर आहेत. मॅचआधी एक सुई मारतात, गुडघा आहे की नाही तेच कळत नाही. तू फक्त पळ." बाबांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. आईनं मॅनेजरांना अजून एक लाडू दिला आणि ते गेल्यावर पाट पुसून मांडला.

पाटावर तेव्हा नवीनच पुस्तक लागलं होतं. बाबांनी आणलेल्या गठ्ठ्यातलं, मागचा पुठ्ठा नसलेलं. पुठ्ठे बऱ्याच पुस्तकांचे गेलेले असत, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. हा खेळाडू बंदराच्या गावचा, सेंटर फॉरवर्ड. त्याची आई धक्क्यावर मासे साफ करायची. थंडीत पोराचे बूट शेगडीजवळ सुकवायची, तर बुटांना माशांचा वास यायचा आणि संघातली मुलं त्याला चिडवायची. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "ह्यो आपल्यातलो," ती म्हणाली. एवढ्या गोऱ्यांमध्ये तिला पहिल्यांदा घरचं माणूस भेटलं होतं. ती नेमाच्या आधीच येऊन बसायला लागली. दुपारी नळावर बायकांना सांगायची, आमच्या बंदरवाल्याला आज मोठ्या संघात घेतलं. मग त्या बंदरवाल्याचाही गुडघा गेला. मोठ्या अंतिम सामन्याच्या तोंडावर, उजवाच. दादा भिंतीपासून सरकून पाटाजवळ आला. डॉक्टर सुई घेऊन येतो, तो दात आवळून बसतो, सुई आत जाते, तो पाय जमिनीवर टेकवतो आणि लिहितो की मला काहीच जाणवलं नाही, काहीच नाही, बाहेर लोक ओरडत होते आणि मी दरवाजाकडे... आणि पान संपलं. पुढे पान नव्हतं.

मी पुस्तक उलटंसुलटं केलं. दोऱ्याजवळ फाटल्याची स्वच्छ रेघ होती. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, असं करतात ते. विमानात ओझं नको म्हणून. वाचून झालेला भाग फाडून टाकतात, उरलेला घेऊन जातात. मी बघितलंय." म्हणजे कुणा गोऱ्यानं आमच्या बंदरवाल्याला सुईपर्यंत वाचून आमच्या हवाली केलं होतं आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य पिशवीत घालून तो उडून गेला होता. आईनं त्या अनोळखी माणसाला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. दादा मात्र खूश होता. "बघ! काहीच जाणवलं नाही म्हणतोय. लिहिलंय तसं पुस्तकात. रविवारी चाचणीला मीपण असाच जाणार." आई म्हणाली, "मगे फुडे काय झाला?" "पुढे काय, जिंकला असणार!" "असणार नको. काय झाला ता सांग." तिनं पाटाकडे बोट केलं. "पोथी पुरी झाल्याबिगर नवा काम हातात घेवचा नाय."

दादा भडकला. "आई, ही पोथी नाही! बॉलचं पुस्तक आहे ते!" आई शांतपणे म्हणाली, "मगे रोज आंघोळ करून बसलंस कित्याक?" बाबा पहिल्यांदाच मध्ये पडले. "जाऊ दे गं त्याला. पक्की नोकरी आहे. माझ्यासारखं वाफेत उभं राहायला नको त्यानं." आई बाबांना रोज उलटून बोलायची, त्या दिवशी नुसतं पुस्तक पाटावर उघडं ठेवून मोरीकडे वळली. आठवडाभर बाबा पाळी संपली की सांताक्रूझपासून अंधेरीपर्यंतच्या रद्दीवाल्यांकडे ते उरलेलं अर्धं पुस्तक शोधत फिरले. मुलानं चाचणीला जावं म्हणून. ते मिळालं असतं तर त्यात काय निघेल याचा विचार त्यांनी केला नसावा, त्यांना फक्त आईचं तोंड बंद करायचं होतं. काही मिळालं नाही. मला तेव्हा आईचा राग आला होता. एका फाटक्या पुस्तकासाठी ही बाई पोराची नोकरी घालवणार, असं मी मैत्रिणींना सांगत फिरत होते.

रविवारी सकाळी दादानं बूट पिशवीत भरले. आई पेज ढवळत होती. पुस्तक पाटावर तसंच उघडं होतं, त्यावर पान उडू नये म्हणून तिनं सुपारी ठेवली होती. समाप्ती न झालेली पोथी ती तशीच ठेवायची. दादा म्हणाला, "येतो." आई म्हणाली, "जा. मी तुका अडवूक नाय." आणि त्याच्या वाडग्यात तिनं पेजेवर तूप घातलं. तो उभ्यानंच प्यायला. पिशवी घेऊन मी त्याच्याबरोबर गेले, कारण बाबांनी सांगितलं होतं, बसमध्ये त्याच्या पायाला धक्का लागू देऊ नको.

मैदान मोठं होतं, कडेला पत्र्याची शेड, तिच्यात बाकं. मी दारापाशी पिशवी घेऊन उभी राहिले. मॅनेजरांनी दादाची पाठ थोपटली. डॉक्टर घाईत होते, आणखी दोन मुलं सुईसाठी थांबलेली. दादानं स्टॉकिंग खाली केलं, गुडघ्याला स्पिरिट लागलं, त्याचा वास दारापर्यंत आला. डॉक्टरांनी सुई भरून वर धरली, आणि दादानं विचारलं, "डॉक्टर, मग पुढे काय होतं?"

"काय होणार? मस्त पळशील. दुखणारच नाही."

"ते झालं. त्याच्या पुढे?"

"मग सूज येईल थोडी. बर्फ लाव."

"हां. पण त्याच्या पुढे?"

"अरे यार, मला काय ज्योतिष येतं?" डॉक्टर वैतागले. "पुढचं पुढे बघू ना. घ्यायची का नाही ते बोल, मागे पोरं थांबलीत."

दादा त्या सुईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको." आपण काय बोललो ते ऐकून तोच आधी दचकला, असं मला दिसलं. त्यानं स्टॉकिंग वर केलं, घडी नीट केली आणि उठला. सुई न घेताच तो मैदानात उतरला. पहिलाच लांब बॉल त्याच्या बाजूला आला, तो सुटला, दोघांना मागे टाकलं, आणि तिसऱ्यापाशी वळताना गुडघा सटकला आणि तो मटकन खाली बसला. बस्स. पुन्हा उठून प्रयत्न केला, पुन्हा तेच. मॅनेजरांनी हात करून बाहेर बोलावलं. "वाट लावून घेतलीस रे स्वतःची," ते म्हणाले, आणि ते खरंच हळहळत होते. मागे थांबलेल्यांपैकी एकानं सुई घेतली. तो झकास खेळला, त्याला घेतलं.

बसमध्ये दादा खिडकीकडे तोंड करून बसला. घरी आई दारातच होती. तिनं आधी त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे. बाबा उठून उभे राहिले. दादा म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं." आईनं मिठाची पुरचुंडी गरम केली आणि शेकायला जवळ बसली, तेव्हा त्यानं तिचा हात ढकलून दिला. एवढंच. आरडाओरडा झाला नाही, पण त्यानंतर तो पाटाजवळ कधी बसला नाही, आणि त्याच्याशिवाय वाचण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून नेमही मोडला. महिनाभरानं बाबांनी साहेबांना सांगून त्याला लॉन्ड्रीत लावलं. ज्या वाफेत त्यानं उभं राहू नये असं बाबांना वाटत होतं, त्याच वाफेत तो निवृत्त होईपर्यंत उभा राहिला. आईशी बोलायला लागला, हसायलाही लागला, तिच्या आजारपणात सगळं त्यानंच केलं. पण फुटबॉलचा विषय त्या दोघांत पुन्हा निघाला नाही. आई बरोबर होती असं सांगण्याची इथे सोय नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ज्या मुलानं सुई घेतली, तो कारखान्याकडून खूप वर्षं खेळला. मध्ये कांदिवली स्टेशनबाहेर भेटला होता, जिना भराभरा चढून आला. दादा त्याच जिन्यावर एकेक पायरी करतो.

ते अर्धं पुस्तक आईनं लाल फडक्यात बांधून पोथ्यांच्या खाली ठेवलं होतं. दर दसऱ्याला पोथ्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. ती गेल्यावर आम्ही फळी आवरली तेव्हा ते निघालं, सुपारी आतच होती. दादानं ते फडक्यासकट चारकोपच्या घरी नेलं. निवृत्तीनंतर त्यानं मैदानावर मुलं जमवायला सुरुवात केली आणि मला म्हणाला, "शुभे, पोरांना वाचायला काहीतरी ठेव. पण बघून ठेव." तेव्हापासून तो खण आहे.

मागच्या दिवाळीत दादाच्या मुलीनं, मेघनानं, त्या फाटक्या पुस्तकाचं पहिलं पान मोबाइलवर टिपलं आणि कुठून कुठून शोधून पूर्ण प्रत मागवली. खोक्यातून निघालेलं ते जाडजूड पुस्तक आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी आधी हातात तोलून बघितलं. मी म्हटलं, "वाचू?" दादा उठला आणि संध्याकाळची आंघोळ करून आला. त्याला आता मांडी घालता येत नाही. तो खुर्चीवर बसला, उजवा पाय स्टुलावर. पाटावर पुस्तक. मी दरवाजाकडे जाणाऱ्या त्या वाक्यापासून सुरुवात केली.

बंदरवाला धावत बाहेर गेला, त्याचा संघ जिंकला, कप त्यानं उचलला. दीड पान. त्यानंतर मिरवणूक, मग दुसरा संघ, मग तिसरा, मग भांडण, मग हॉटेल काढलं ते, ते बुडालं ते, दुसरं लग्न, कुत्रा. रोज एक प्रकरण वाचलं, मध्ये कुठे सोडलं नाही. आणि त्या साऱ्या पानांत गुडघा नाही. एकदाही नाही. दुखला नाही, बरा झाला नाही, आहे की गेला, काही नाही. त्याची आईसुद्धा नाही. धक्क्यावर मासे साफ करणारी ती बाई पहिल्या अर्ध्यात राहिली ती राहिलीच. शेवटी त्यानं ज्यांचे आभार मानलेत त्यांत कुत्रा आहे. शेवटचं पान मी वाचलं, अर्थ सांगितला, पुस्तक मिटलं आणि सवयीनं साखरेचा डबा आणायला उठले.

दादानं मूठ बंद केली. "थांब," तो म्हणाला. "पुढे काय झालं ते कुठे सांगितलंय त्यानं?" मी म्हटलं, "पुस्तक संपलं दादा. पूर्ण आहे हे." तो हसला. "कसलं पूर्ण! आई असती तर डबा काढू दिला असता तिनं? एवढी वर्षं मी तिला मनात म्हणत होतो, म्हातारे, तुझ्या एका प्रश्नानं माझं वाटोळं केलंस. आणि हा साला सगळं लिहून तेवढंच लिहीत नाही." मग तो गुडघ्यावर हात फिरवत बसला. "मी तिचा हात ढकलला होता," तो म्हणाला. मी म्हटलं, "माहीत आहे. मी होते तिथे." मग दादा म्हणाला, "तू लिहितेस ना ते आपल्या घराचं काहीतरी? मग त्यात घाल. त्याचा नाही तर नाही, माझा गुडघा घाल."

तर घालते. दादाचा उजवा गुडघा असा आहे. खाली बसता येत नाही. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. पावसाळ्यात आणि गाडीत बसल्यावर दुखतो, मैदानावर उभं असताना दुखत नाही असं तो म्हणतो, ते खोटं आहे. सुई त्यानं कधीच घेतली नाही. कधी कधी मुलांना दाखवायला तो उजव्या कडेनं चार पावलं पळतो आणि पाचव्याला थांबतो, आणि मुलं समजून टाळ्या वाजवतात. रात्री झोपायच्या आधी तो स्वतःच मिठाची पुरचुंडी करून शेकतो, आईनं शिकवली तशी, तव्यावर मीठ तडतडेपर्यंत गरम करून. पुढे एवढंच झालं, आई.

हे प्रकरण उद्या संध्याकाळी मी दादाला वाचून दाखवणार आहे. त्याला आंघोळ करून बसायला सांगितलंय, आणि साखरेचा डबा फळीवरून काढून ठेवलाय.